पोटाचे दुखणे की काळजाचे?

(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडे आटोपशीर केले आहे.)



 मी काही वक्ता नव्हे. नोकरीची सारी वर्षे परिचारिका म्हणून या दोन तालुक्यांत गेली. त्यामुळे व्यासपीठावर उभे राहण्यापेक्षा आजाऱ्याच्या उशाशी बसून नाडी धरण्याची सवय मला अधिक. तेव्हा आज जे सांगेन ते त्याच सवयीतून आलेले आहे असे समजून घ्या.

चिटणीसबाईंनी महिनाभर आधी सभासदांकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागविल्या होत्या. आरोग्याविषयी काय ऐकायचे आहे ते लिहा, असे सांगितले होते. त्या चिठ्ठ्या मी वाचल्या. अक्षरे निराळी, पण निम्म्याहून अधिक चिठ्ठ्यांत प्रश्न एकच : “जेवल्यावर छातीत धडधडते, मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा होतो. हा गॅसच असेल ना?” त्यातला तो “असेल ना” मला फार बोलका वाटला. आपणा बायकांना उत्तर आधीच ठरवून हवे असते, आणि ते गॅस हेच असावे असे वाटत असते. गॅस म्हटला की ओवा चावून काम उरकते. काळीज म्हटले की गाडी करा, घरातल्या कुणाला तरी कामावरून थांबवा, पैसे खर्च करा, हे सारे आलेच. म्हणून आज याच एका प्रश्नावर बोलायचे असे मी ठरविले.

आपल्या भाषेनेही हा घोळ वाढविलेला आहे. भीती वाटली की आपण म्हणतो, पोटात गोळा आला. आणि त्याच दमात म्हणतो, काळजात धस्स झाले. माया पोटात असते आणि काळजातही असते. मटणवाल्याकडे काळीज मागितले तर तो यकृत देतो आणि आपण हात छातीवर ठेवून काळीज म्हणतो ते हृदय. आपल्या वाडवडिलांनी पोट आणि हृदय ही जोडी बोलण्यात एकत्र बांधली, ती उगीच नव्हे. शरीरातही ती दोघे भिंतीला भिंत लावून राहणारी शेजारी आहेत. एका घरात भांडे पडले तर आवाज दुसऱ्या घरात जातो. प्रश्न इतकाच, की भांडे पडले कुणाच्या घरात?

प्रथम धडधड म्हणजे काय ते पाहू. निरोगी माणसाचे हृदय स्वस्थ बसले असता मिनिटाला साधारण साठ ते शंभर ठोके देते. दिवसाचा हिशेब केला तर हे ठोके लाखाच्या घरात जातात. इतके ठोके पडत असताना आपल्याला एकही कळत नाही, ही देवाची कृपाच. पण कधी कधी एखादा ठोका आपल्या वेळेच्या थोडा आधीच पडतो. मग हृदय क्षणभर थांबते, तेवढ्यात त्यात नेहमीपेक्षा जास्त रक्त भरते आणि पुढचा ठोका जोरात बसतो. आपण म्हणतो, ठोका चुकला. खरे पाहता तो चुकलेला नसतो, घाईने आधी येऊन गेलेला असतो. आपल्याला जाणवते ती मधली विश्रांती आणि नंतरचा धक्का. असे आगंतुक ठोके धडधाकट माणसांनाही येतात, आणि हृदय निरोगी असेल तर त्यांपासून बहुधा काही अपाय होत नाही.

हे ज्ञान आज सोपे वाटते, पण एके काळी नाडी जरा अडखळली की रोग्याला अंथरुणाला खिळवून ठेवीत. इंग्लंडमधल्या बर्नली नावाच्या गिरणगावात जेम्स मॅकेन्झी नावाचे एक डॉक्टर होते. गावातल्या कामकरी माणसांची आणि बाळंतिणींची नाडी ते नोंदवून ठेवीत आणि त्याच माणसांना वर्षानुवर्षे पाहत राहात. कोणाची नाडी अडखळली आणि पुढे त्यांचे काय झाले, हे त्यांनी लिहून ठेवले. १९०२ साली त्यांचा नाडीवरचा ग्रंथ निघाला. कोणती अडखळ निरुपद्रवी आणि कोणती खरोखर धोक्याची, हा भेद करण्याचा रस्ता त्यांनी दाखविला. मोठ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळात न बसता, एका गावात राहून, डोळे उघडे ठेवून आणि लिहून ठेवून त्यांनी हे काम केले. हा मुद्दा ध्यानात ठेवा. पुढे आपल्या महाडकडे आलो की तो पुन्हा लागेल.

आता शेजाऱ्यांकडे वळू. छाती आणि पोट यांच्यामध्ये स्नायूंचा एक घुमटासारखा पडदा आहे. त्याला श्वासपटल म्हणतात. त्याच्यावर हृदय टेकलेले आणि डाव्या बाजूला त्याच्या खालीच जठर. अन्न जठरात नेणारी अन्ननलिका तर हृदयाच्या अगदी पाठीला लागून खाली उतरते. भरीस भर म्हणून मेंदूतून निघणारी एक लांबलचक मज्जातंतूंची दोरी हृदयालाही जाते आणि जठरालाही जाते. एकाच तारेवर दोन घरांच्या घंटा जोडाव्यात तसा हा प्रकार आहे.

१९१२ साली लुडविग रोमहेल्ड नावाच्या जर्मन डॉक्टरांनी याचे वर्णन केले. त्यांच्याकडे असे रोगी येत, की जेवणानंतर पोटाला गुबारा धरे, छातीत दाटल्यासारखे होई, ठोके अडखळत, जीव घाबरा होई. आणि हृदय तपासावे तर त्यात दोष सापडत नसे. फुगलेले जठर श्वासपटलाला वर रेटते आणि त्या समाईक तंतूंतून हृदयाला संदेश जातात, असे त्यांनी सांगितले. वैद्यकात आजही या लक्षणसमूहाला त्यांचे नाव आहे. जठरातले आम्ल वर अन्ननलिकेत येण्याचा त्रास असणाऱ्यांत हृदयाचा ताल बिघडण्याचे एक-दोन प्रकार अधिक दिसतात, असेही पुढे आढळले. मात्र एकामुळेच दुसरे होते हे अजून सिद्ध झालेले नाही.

तेव्हा ज्या भगिनींनी चिठ्ठीत लिहिले की जेवल्यावर धडधडते, त्या काही मनचे सांगत नाहीत. पोटामुळे छाती धडधडू शकते. “तुला उगीच वाटते” असे म्हणणाऱ्या घरच्या माणसांना हे जरूर सांगा.

आता आपल्या घरांत हे कसे घडते ते पाहू. एक बाई मला नेहमी सांगत, की सणावारीच मला धडधडते, एरवी नाही. मी त्यांना त्या दिवसाचा क्रम विचारला. पहाटे उठून चहा, तोही रिकाम्या पोटी. मग नैवेद्य होईपर्यंत तोंडात काही घालायचे नाही. स्वयंपाकात धग लागत राहिली, म्हणून आणखी दोनदा चहा. पुरुषांची पंगत, मुलांची पंगत, पाहुण्यांची पंगत, आणि चार वाजता यांचे पान. तेव्हा भूक मरून गेलेली. मग उरलेले वडे, खीर, तळण, सारे पोटाला तडस लागेपर्यंत खायचे. कारण टाकवत नाही. आणि पाठ मोडली म्हणून तशीच जमिनीला पाठ टेकायची. मी म्हटले, बाई, तुमच्या काळजाने धडधडायचे नाही तर काय करायचे? मोठे जेवण झाले की पचनासाठी पोटाकडे रक्त अधिक न्यावे लागते आणि हृदयाचा वेग तसाही वाढतो. त्यात फुगलेले जठर, चहाची तरतरी आणि आडवे पडल्याने वर येणारे आम्ल. त्या बाईंना मी औषध सांगितले नाही. सकाळी दोन घास नाचणीची भाकरी खाऊन कामाला लागा, शेवटच्या पंगतीची वाट पाहू नका आणि जेवल्यावर दोन तास आडव्या होऊ नका, एवढेच सांगितले. पुढच्या गणपतीत त्यांचा निरोप आला की बरे आहे.

उपवासाचेही असेच आहे. उपवास करू नका असे मी म्हणणार नाही. तो ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा भाग आहे. पण दिवसभर निर्जळी राहून संध्याकाळी शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर चहा, याला पोटाची विश्रांती म्हणता येत नाही. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय निर्जळी धरूच नये.

आणखी एका वस्तूचे नाव घ्यायचे आहे. रागावू नका. ती वस्तू म्हणजे मशेरी. सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असे आपल्याकडे किती जणी सांगतात! मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. तिच्यातले निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात जाते आणि हृदयाला चाबूक मारल्यासारखे पळवते. पोट साफ होते म्हणून जी लावायची तिनेच छाती धडधडते, आणि दोष मात्र रात्रीच्या वालाच्या बिरड्याला. तोंडाच्या कर्करोगाची भीती आहे ती निराळीच. पोट साफ व्हायला सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी आणि कोंड्यासकट धान्य एवढे पुष्कळ होते.

पोटाचा हृदयाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो मात्र मुळीच निरुपद्रवी नाही. हगवण-ओकारी लागली की शरीरातून नुसते पाणी जात नाही, क्षारही जातात. त्यांतल्या पोटॅशियम आणि मॅग्नेशियम या क्षारांवर हृदयाचा ताल अवलंबून असतो. ते फार उतरले तर नाडी खरोखरच बिघडते. पावसाळ्यात आपल्याकडे पाणी गढूळ होते आणि घराघरांत जुलाब लागतात, तेव्हा हे लक्षात ठेवा. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगाव येथे, डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर पटकीचे असंख्य रोगी वाचविले. तेच पाणी आपल्या घरी होते : एक लिटर उकळून निवविलेले पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चहाचा चमचा मीठ. माप बिघडू देऊ नका. दुकानातली तयार पुडी मिळाली तर ती अधिक चांगली, कारण तिच्यात पोटॅशियमही असते. जुलाब-ओकारीच्या आजाऱ्याला धडधड, फार अशक्तपणा किंवा गुंगी आली तर घरी थांबू नका.

आणि पित्ताच्या गोळ्या! पूर्वी घरात हिंग-ओवा असे, आता गोळ्यांची पाकिटे असतात. शेजारणीला लागू पडली म्हणून आपणही घेतो आणि वर्षानुवर्षे घेतो. आम्ल कमी करणाऱ्या काही गोळ्या दीर्घकाळ घेतल्यास रक्तातले मॅग्नेशियम उतरू शकते. पुष्कळ गोळ्यांत आम्लाच्या औषधाबरोबर डॉम्पेरिडोन नावाचे ओकारी थांबविणारे औषध मिसळलेले असते. क्वचित प्रसंगी, विशेषतः वय झालेल्यांत, आधीच हृदयविकार असलेल्यांत किंवा काही इतर औषधांच्या जोडीला घेतल्यास, त्यानेच हृदयाचा ताल बिघडतो. युरोपात २०१४ साली त्याच्या वापरावर मर्यादा घालण्यात आल्या त्या यासाठीच. म्हणजे धडधड गॅसची समजून जी गोळी घ्यावी, तीच कधी धडधडीचे कारण व्हायची. गोळी वाईट असे मी म्हणत नाही. डॉक्टरांनी दिली असेल तर सांगितलेले दिवस घ्या, पण औषधाच्या दुकानात बोट दाखवून आणू नका.

इथवर पोटाची बाजू झाली. आता जी दुखणी पोटाची नसतात, पण पोटाच्या खाती लिहिली जातात, त्यांच्याकडे वळू.

पहिले म्हणजे अंगात रक्त कमी असणे. २०१९ ते २१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्त कमी आढळले. म्हणजे या मांडवात बसलेल्या तरुण भगिनींपैकी दर दोघींत एक धरा. रक्त कमी असले की हृदयाला तेच काम करायला जास्त धावावे लागते. जिना चढताना, विहिरीवरून हंडा आणताना धडधडते आणि दम लागतो. घाटातल्या एका वाडीवरची मुलगी मला आठवते. लग्न होऊन वर्ष झालेले. सासूबाई म्हणत, तिला गॅस धरतो. डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली तर आत पांढरेफटक. तिला ओव्याची नव्हे, लोहाच्या गोळ्यांची आणि पोटभर जेवणाची गरज होती.

दुसरे म्हणजे गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीचे वाढलेले काम. वजन उतरते, हात थरथरतात, उकडते आणि नाडी सदा धावत असते. रक्ताच्या तपासणीत हे कळते. तिसरे म्हणजे पाळी जाण्याचे वय. अंगातून वाफा निघतात तशी मध्येच धडधडही होते. चौथे, लहानपणी घसा धरून, सांधे सुजून ताप आलेला असेल तर हृदयाच्या झडपा खराब झालेल्या असू शकतात. असे दुखणे झालेल्या बाईने धडधड अंगावर काढू नये. पुढे नाडी अगदी बेताल होऊन हृदयात रक्ताची गुठळी धरते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघात होतो.

पाचवे भीतीचे. २०२१ सालच्या जुलैत सावित्रीचे पाणी महाडात घराघरांत शिरले. तळिये गावावर दरड आली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर आली. त्यानंतर रात्री पाऊस जोराने लागला की छाती धडधडू लागते आणि पोट ढवळून येते, असे सांगणाऱ्या बायका मला पुष्कळ भेटल्या. हा गॅस नव्हे आणि ढोंगही नव्हे. जे पाहिले ते शरीर विसरलेले नाही. अशा बाईला हसू नका. तिच्याजवळ बसा, तिला बोलू द्या, आणि झोपच उडाली असेल तर डॉक्टरांकडे न्या. मनावरही औषध आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आतापर्यंत पोट हृदयाच्या दारात ओरडत होते. पण कधी हृदयच पोटाच्या तोंडून बोलते. हृदयविकाराचा झटका म्हणजे छाती धरून कोसळणे, हे आपण सिनेमात पाहिलेले. छातीत दुखणे किंवा दाटणे हे बायकांतही मुख्य लक्षण आहेच. पण त्यांच्यात मळमळ, ओकारी, पोटाच्या वरच्या भागात जडपणा, जबड्यात किंवा पाठीत कळ, दरदरून घाम आणि विलक्षण थकवा ही लक्षणे पुरुषांपेक्षा अधिक दिसतात. मधुमेह असेल तर दुखणे कमी जाणवण्याचाही संभव असतो. मग सगळे म्हणतात, काल लग्नात जेवली, बाधले असेल.

एका घरी असेच झाले. साठीच्या बाई, मधुमेह जुना. रात्री दहाला पोटाच्या तोंडाशी जड वाटू लागले, दोनदा ओकारी झाली, घामाने चोळी भिजली. सुनेने ओवा दिला, खाण्याचा सोडा दिला, पोटाला हिंग लावला. मुलगा म्हणत होता गाडी काढतो, पण बाई म्हणाल्या, आता मध्यरात्री कुणाची झोप मोडू नकोस, सकाळी बघू. सकाळी आलेख काढला तेव्हा झटका येऊन तास लोटले होते. बाई वाचल्या, पण हृदयाचा तेवढा भाग कायमचा अधू झाला. आता त्यांना अंगण झाडतानाही दम लागतो. सुनेचे काही चुकले नव्हते, तिने मायेनेच सारे केले. फक्त प्रश्नाचे उत्तर आधी ठरले आणि तपासणी मागाहून झाली.

ओकारी आणि घाम यांवरून हृदय ओळखायला खरे म्हणजे आपल्या महाडने सगळ्या जगाला शिकविले आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. भातकापणीत, गवताच्या भाऱ्यात, चुलीच्या लाकडांत लाल विंचू चावून आलेली माणसे त्यांनी पाहिली. विंचू चावला पायाला, पण माणूस मरतो कशाने? त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून तासातासाच्या नोंदी केल्या. प्रथम ओकारी, दरदरून घाम, हातपाय गार पडणे. आणि पुढे काही तासांत हृदय दमून फुप्फुसात पाणी भरणे. ती ओकारी पोटाची नव्हती, येणाऱ्या हृदयसंकटाची दवंडी होती. १९८२ साली त्यांचा लेख इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ या साप्ताहिकात छापून आला. पुढे रक्तदाबावरचे प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध या विषबाधेवर चालते हे त्यांनी दाखविले. पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह त्यांनी महाडातच राहून हे काम पुढे चालविले. पूर्वी गंभीर रोग्यांत शंभरी तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मघाशी बर्नलीच्या डॉक्टरांचे सांगितले ते आठवा. दोघांनीही गावातच बसून, घाईने निदान न करता, आधी पाहिले, लिहिले आणि मग ठरविले.

आपणही आपल्या घरात तेच करायचे आहे. पोट हे उत्तर शेवटी द्यायचे, आधी नाही. त्यासाठी तीन गोष्टी सांगते.

पहिली, नाडी मोजायला शिका. मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला, तीन बोटे हलके ठेवा. अंगठा लावू नका. घड्याळाकडे बघून पूर्ण एक मिनिट मोजा. किती आणि कशी, दोन्ही पाहा : सारखी चालते, मध्येच एखादी अडखळते, की कसलाच मेळ नाही.

दुसरी, लिहून ठेवा. धडधड कधी झाली, किती वेळ राहिली, आधी काय खाल्ले, चहा किती, मशेरी होती का, पाळी होती का, कोणती गोळी चालू आहे, नाडी किती होती. पंधरा दिवसांची अशी वही डॉक्टरांपुढे ठेवलीत तर त्यांचे अर्धे काम होते. आपण दवाखान्यात गेलो की धडधड नेमकी थांबलेली असते आणि आलेख चांगला येतो, म्हणून वहीचे मोल मोठे. निदान एकदा हृदयाचा आलेख, रक्तातले हिमोग्लोबिन, साखर आणि थायरॉइड एवढे तपासून घ्या. तपासणीत सारे ठीक निघाले आणि वही म्हणू लागली की धडधड जेवणाशीच बांधलेली आहे, तर मग खुशाल पोटावर उपाय करा. थोडे आणि वेळेवर जेवा, चहा कमी करा, जेवणानंतर शतपावली घाला, उशी थोडी उंच घ्या. कोकमाचे सार आवडत असेल तर घ्या, पण आंबटाने जळजळत असेल तर सोडा. दुसऱ्याचे पथ्य आपल्याला चालतेच असे नाही.

तिसरी, जेव्हा वही लिहीत बसायचे नसते ती वेळ ओळखा. धडधडीबरोबर छातीत दाटणे किंवा कळ, हाताकडे, जबड्याकडे वा पाठीकडे जाणारे दुखणे, दरदरून घाम, धाप, भोवळ किंवा शुद्ध हरपणे. बसल्याजागी नाडी अचानक खूप पळू लागून न थांबणे. तोंड वाकडे होणे, बोबडी वळणे. विंचूदंशानंतर ओकारी व घाम. यांपैकी काहीही दिसले तर ओवा नाही, सोडा नाही, सकाळची वाट नाही. १०८ या क्रमांकावर दूरध्वनी करा. आजाऱ्याला चालवू नका, जिना उतरायला लावू नका, आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. चार तासांनी घरी परत आलात आणि डॉक्टर म्हणाले की गॅसच होता, तर लाज कसली? ती तर आनंदाची गोष्ट.

शेवटी मंडळाला एक विनंती करते. आपण हळदीकुंकू करतो, भोंडला करतो, पाककृतींच्या स्पर्धा घेतो. एका बैठकीत एकमेकींची नाडी मोजण्याचा कार्यक्रम ठेवा. वर्षातून एकदा रक्त तपासण्याचे शिबिर भरवा. आणि प्रत्येक आळीत, प्रत्येक वाडीत अशा दोघी-तिघी ठरवा, की मध्यरात्री एखादीला दवाखान्यात जायचे झाले तर तिच्याबरोबर जातील किंवा तिच्या मुलांजवळ थांबतील. रात्री “कुणाची झोप मोडू नकोस” म्हणणाऱ्या त्या बाई एकट्या नव्हत्या. आपण साऱ्याच तशा आहोत. दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून आपले काळीज मोडून घ्यायचे, ही सवय एकटीने सुटत नाही. मंडळ असते ते त्यासाठीच. आपली झोप मोडायला मैत्रिणी राजी आहेत, हे प्रत्येकीला ठाऊक असले की ती वेळेवर हाक मारील.

 समोर फराळ मांडलेला दिसतो आहे. अवश्य खा, पण बेताने. आणि वाढणाऱ्या मुलींनाही आपल्या पंगतीलाच बसवा.